मथुराचं ट्रेनिंग

अक्षयाला काखेला मारायचं आणि शाळेची पाखाडी चढायची, हे मथुराचं सरकारी काम. पाखाडीला चौऱ्याऐंशी पायऱ्या, सगळ्या जांभ्याच्या, आषाढात शेवाळ धरलेल्या. अक्षया दहा वर्षांची. जन्मापासून तिचे पाय ताठ, उभी केली की कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. हात तेवढे बरे होते, पण सावकाश. आईबाप मुंबईला तिसऱ्या मजल्यावर राहत, इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून पोर इथे आंजर्ल्याच्या अलीकडच्या वाडीत आजीपाशी होती. सरकारने तिच्यासाठी चाकांची खुर्चीही पाठवली होती. ती पहिल्या पायरीपाशीच थांबली, ती थांबलीच. आता आजीच्या पडवीत तिच्यावर पापड वाळत घालतात.

खुर्ची चढेना म्हणून शाळेने मदतनीस मागितला आणि मथुराला घेतलं. शाळेत अक्षयाला भरवायची ती, तोंड पुसायची ती, पेन्सिल अक्षयाच्या हातात देऊन वरून आपला हात धरून 'अ' काढायची तीच. वर्षभरात पोरीचा पाय मातीला लागू दिला नाही म्हणून मथुराला फार अभिमान होता आणि वाडीलाही तिचं कौतुक होतं. अक्षयाची आजी सखू तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की आईने केलं नसतं एवढं मथुरा करते. सखू सहसा कोणाबद्दल चांगलं बोलत नसे, हे लक्षात घेतलं तर ही पदवीच म्हणायची.

अशात जुलैच्या पहिल्या गुरुवारी मृणाली मॅडम आल्या. या विशेष शिक्षिका. त्यांच्याकडे केळशीपासून हर्णेपर्यंतच्या पंधरा शाळा, त्यामुळे एका शाळेच्या वाट्याला त्या पंधरवड्यातून एकदा यायच्या, आणि आल्या की त्यांच्या स्कूटीला आणि साडीला सारखाच चिखल असायचा. त्यांनी मोबाईलवरचं पत्र वाचून दाखवलं. दिव्यांग मुलांचे शिक्षक आणि मदतनीस यांच्यासाठी रत्नागिरीला पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण. राहणं, जेवण, जाण्यायेण्याचं भाडं शासनाचं. ज्यांनी प्रशिक्षण केलं आणि ज्यांना शाळेच्या समितीने शिफारस दिली त्यांचीच नेमणूक पुढे चालू राहील. शिफारशीवर मुलाच्या पालकाची सही हवी. सुरुवात येत्या सोमवारी.

मथुरापुढे दोन अडचणी होत्या. एक तर ती सातवी पास, बाकावर बसून पंचवीस वर्षं झाली होती. आणि दुसरं म्हणजे सोमवारपासून लावणी होती.

आमच्याकडे लावणी सावडीने होते. सहा घरं एकत्र. आज तुझ्या मळ्यात सगळे, उद्या माझ्या. ज्या घराने जेवढी माणसं दिली तेवढी त्याच्याकडे परत येतात. पुरुष पॉवर टिलरने चिखल करतात, तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी टाकतात, बायका लावतात. लावणारीच्या बदल्यात लावणारीच द्यावी लागते. एक दिवस चुकवला तर कोणी भांडत नाही, फक्त पुढच्या वर्षी बोलवत नाही. पावणेदोन एकर भात एकट्या घराने लावायचं म्हटलं तर गणपती उजाडतील.

घरी तिने सगळं सांगितलं आणि शेवटी, नाही जात, असं स्वतःच म्हणून टाकलं. नवरा केरू हर्णेच्या बोटीवर खलाशी. जून-जुलै मासेमारी बंद, बोटी खाडीत शाकारून ठेवलेल्या, त्यामुळे तो घरीच होता. तो जाळ्याची भोकं भरत बसला होता. त्याने सुई थांबवली नाही.

"तू जा. तुझ्या जाग्यावर मी लावतंय."

"बायकांच्या रांगेत?"

"मग काय झाला? वाकायचाच हाय ना? जाला वडताना काय उबा ऱ्हातंय मी?"

आणि तो खरंच गेला. पाच दिवस गेला. पहिल्या दिवशी बायकांनी त्याला हसून हसून बेजार केला. एकीने डोक्यावर पदर घ्यायला सांगितलं, दुसरीने त्याच्या मुठी लपवल्या. लाटांत दहा तास उभा राहणारा गडी दुपारपर्यंत कंबर धरून बांधावर बसला. दुसऱ्या दिवशी तो खेकड्यासारखा तिरका चालत मळ्यात उतरला, पण उतरला. बायको शिकायला गेली म्हणून जो नवरा बायकांच्या रांगेत वाकतो त्याला हसायचं तरी किती, असं तिसऱ्या दिवशी बायकांना वाटलं असावं. त्या त्याला मधल्या जागेत घेऊन लावू लागल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी त्याचं राहिलेलं भरून काढता येईल.

इकडे रत्नागिरीत मथुरा पन्नास माणसांच्या हॉलमध्ये सगळ्यात मागे बसली होती. फॉर्मवर शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात तिने '७ वी' इतकं बारीक लिहिलं की टेबलावरच्या माणसाने ते सतरावी आहे का म्हणून मोठ्याने विचारलं. भोवती बीएड झालेले, वसतिगृहाच्या अधीक्षक बाई, लॅपटॉपवाले. पहिल्या दिवशी पडद्यावर इतके कायदे आणि इतक्या योजना सरकल्या की मथुराने वहीत फक्त तारीख लिहिली.

दुसऱ्या दिवशी शिकवायला सडपातळ बांध्याच्या फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी पडदा बंद करायला लावला. दोघादोघांच्या जोड्या केल्या, एकाचे हात ओढणीने मागे बांधले, पायही बांधले, आणि दुसऱ्याने त्याला जेवू घालायचं असं सांगितलं. मथुराला भरवायला खेडकडचा गौरव नावाचा शिक्षक आला. पोरगा चांगला होता. भरवता भरवता शेजाऱ्याशी क्रिकेटबद्दल बोलत होता. मथुराला पाणी हवं होतं, त्याने आमटीभात दिला. तिचा पहिला घास गिळून व्हायच्या आत दुसरा तोंडाशी आला. भात हनुवटीवर सांडला, तो त्याने तिच्याच पदराने खसकन पुसला आणि "शहाणी" असं म्हणाला. त्याला वाटलं मजा झाली.

मथुराला रडू फुटलं. साधं नाही, हमसून हमसून. गौरव बिचारा घाबरला आणि तिचे हात सोडायला लागला. बाई जवळ येऊन बसल्या. काय झालं म्हणून विचारलं. मथुराने सांगितलं की काही झालं नाही, मी रोज हेच करते. वर्षभर एका पोरीला मी असंच भरवते आणि पदराने पुसते, आणि तिला शहाणीही म्हणते.

बाई म्हणाल्या, "तुम्ही प्रेमानंच करत होता. पण मुलाला लागेल तेव्हाच हात लावायचा, आणि लागेल तेवढाच. हात पुढे गेला की मनात दहा मोजा. दहाच्या आत मूल स्वतः काहीतरी करतं की नाही बघा."

मथुराने वहीत तारखेखाली 'दहा' एवढंच लिहिलं.

मग मात्र ती पुढच्या रांगेत जाऊन बसली. बसवताना पाठीला टॉवेलची गुंडाळी कुठे लावायची, ताठ पाय ओढायचे नाहीत तर गुडघ्यात वाकवून अलगद कसे सुटे करायचे, मांडीखाली काय द्यायचं, सगळं हाताने करून शिकली. आणि चौथ्या दिवशी हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं की आमच्याकडे शाळेला चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत, खुर्ची चढत नाही, मग तिथे काय करायचं. बाईंनी उडवून लावलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं की मला माहीत नाही, तुमच्या पायऱ्या तुम्हाला माहीत, ते तुम्ही आणि ती मुलगी मिळून शोधायचं आणि मला फोन करून सांगायचं. आपल्याला कोणी काही शोधायला सांगेल असं मथुराला आयुष्यात वाटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी परीक्षा. माणसाला खुर्चीवरून चटईवर घ्यायचं. समोर तोच गौरव, सत्तर किलोचा. लॅपटॉपवाले दोघं दोघं मिळून घाम गाळत होते. मथुराने पाय रोवले, गुडघे वाकवले आणि त्याला भाताची गोण उतरवावी तसा एकटीने खाली ठेवला. टाळ्या पडल्या. बाईंनी विचारलं की उचलायच्या आधी त्याला विचारलंत का. मथुराने जीभ चावली, गौरवला परत उचलून खुर्चीत ठेवला, "भाऊ, खाली घेऊ का?" असं विचारलं आणि पुन्हा चटईवर ठेवला. हॉल लोटपोट झाला. प्रमाणपत्रावर तिचं नाव छापील होतं आणि बरोबर छापलेलं होतं.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली.

सोमवारी मथुराने अक्षयाला पाखाडीपाशी नेलं आणि पहिल्या पायरीवर बसवलं. विचारलं, तुला वर कसं जाता येईल. अक्षयाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. घरी एकटी असली की ती जमिनीवर बसून, हात टेकून, ढुंगणावर मागे मागे सरकायची. पुढे सरकणं तिला जमत नसे, पाय आडवे यायचे. सखूआजी ते बघून कपाळाला हात लावायची. आता अक्षयाने शाळेकडे पाठ केली, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकले आणि अंग उचललं. पहिल्या वेळी घसरली. मथुराचा हात पुढे गेला. ती मोजू लागली. आठावर अक्षया पायरीवर बसली होती.

त्या दिवशी सतरा पायऱ्या झाल्या, मग विचारून मथुराने उचललं. पुढच्या दिवशी तीस. झगा मागून हिरवागार, तळवे लाल, आणि मथुरा दोन पायऱ्या खाली उभी, हात मोकळे. दुपारी अक्षया स्वतः जेवायला लागली. अर्धा भात ताटात, पाव जमिनीवर, राहिलेला पोटात, आणि हे सगळं व्हायला पाऊण तास.

वाडीने हे बघितलं. वाडी काय बघणार? सरकारी पगार घेणारी बाई हात बांधून उभी आहे आणि पांगळं पोर शेवाळावरून फरफटत चाललं आहे, एवढंच. रत्नागिरीला पाच दिवस जाऊन आळशीपणाचं ट्रेनिंग घेऊन आली, असं एकजण म्हणाला आणि ते सगळ्यांना आवडलं. मथुरा विहिरीवर गेली की बोलणं थांबायचं. सखूआजीने पहिले दोन दिवस हिरवा झालेला झगा तेवढा धुतला. तिसऱ्या दिवशी तिने अक्षयाच्या तळव्यावरचा फोड बघितला आणि तशीच मथुराच्या दारात आली.

"पोटची असती तर तिला अशी वडत नेली असतीस काय गो? नको झाली तर सांग. मी दुसरी बगतंय."

मथुराने टॉवेलची गुंडाळी, गुडघे, दहा आकडे, सगळं सांगायचा प्रयत्न केला. रत्नागिरीच्या हॉलमध्ये जे इतकं स्पष्ट होतं ते सखूच्या तोंडासमोर बोबडं निघालं. सखू शाळेत गेली आणि मुख्याध्यापक ओमकार गुरुजींकडून तक्रार लिहून घेतली, की मदतनीस मुलीकडे दुर्लक्ष करते, ती बदलून द्यावी. खाली अंगठा केला. समितीची बैठक पुढच्या सोमवारी दुपारी ठरली.

ओमकार गुरुजी तरुण माणूस, वाईट नव्हता, पण पालकाच्या अंगठ्यापुढे त्याचाही इलाज नव्हता. त्याने मृणाली मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं की मथुराताई करताहेत तेच बरोबर आहे, मी लेखी द्यायला तयार आहे. पण शिफारशीवर सही पालकाचीच लागणार. केरूने त्या संध्याकाळी विचारलं, की चार दिवस उचलून नेलीस आणि सही झाल्यावर परत शिकवलंस तर काय बिघडलं. विचारणं चुकीचं नव्हतं. मथुराने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, पोरगी बावन्नाव्या पायरीपर्यंत आली आहे, आता उचलली तर तिला वाटेल मी तिच्यावरचा भरवसा सोडला. केरूने पुन्हा विषय काढला नाही.

रविवारी सावड नेमकी सखूआजीच्या मळ्यात होती. तक्रार केली तरी सावड ती सावड. मथुरा सकाळी साडेसहाला इरलं घेऊन हजर झाली, सखूने तिला बघितलं न बघितलंसं केलं आणि घरात पुरुष नाही म्हणून स्वतःच मुठी टाकायला लागली. पाऊस बारीक होता. बांधावर प्लास्टिकचा कागद अंथरून, त्यावर इरलं उभं करून सखूने अक्षयाला बसवली होती, कारण घरी एकटी ठेवणार कशी. सगळ्या बायका रांगेत वाकल्या. मथुरा कडेला, बांधाच्या बाजूला. केरू टिलर फिरवून झाल्यावर कोणी न बोलावता तिच्या शेजारी येऊन लावायला लागला. त्याला आता ते बऱ्यापैकी जमत होतं.

तासाभराने अक्षया म्हणाली, "आजी, मना खाली सोड. मना लावायचा हाय."

सखूने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. अक्षयाने पुन्हा म्हटलं. मग तिने कोणाला काही न विचारता मळ्याकडे पाठ केली, हात टेकले आणि बांधावरून मागे सरकत चिखलात जाऊन बसली. पाणी उडालं. सखू हातातल्या मुठी टाकून ओरडत धावली. बायका ताठ झाल्या. मथुरा सगळ्यात जवळ होती, हात लांबवला असता तर काखेखाली पोचला असता. तिचा हात गेलाही होता. तो तिने तसाच हवेत धरून ठेवला, आणि दुसरा हात सखूपुढे आडवा धरला.

"आत्या, दहा मोजा. मग मना हवा ता बोला."

सखूने शिवी हासडली, पण थांबली.

अक्षया मांड्यांपर्यंत चिखलात होती. चिखलाने तिला चहूबाजूंनी धरलं होतं. घरी जमिनीवर डावी-उजवीकडे कलणारी तिची कंबर तिथे सरळ राहिली, आणि ताठ पाय पाण्याखाली सैल पडले. दोन्ही हात मोकळे झाले. तिने तरंगणारी मूठ ओढून घेतली, चार काड्या सुट्या केल्या, अंगठ्याने दाबून लावल्या. वाकड्या लागल्या, तिने त्या काढून परत लावल्या. वीतभर बाजूला तशाच काड्यांची दुसरी चूड. मग तिसरी. तिच्या समोर तीन चुडांची ओळ उभी राहिली तेव्हा तिने हात टेकले, अंग उचललं आणि वीतभर मागे सरकली. परत मूठ घेतली.

रांगेतल्या बायका बघत राहिल्या. लावणी पुढे जाऊन होत नाही. लावलेलं पायाखाली येऊ नये म्हणून लावणारी मागे मागेच सरकते, बायकांचा सगळा आषाढ पाठमोरा जातो. ज्या पोरीला सगळं जग उलटं चालणारी म्हणत होतं ती त्या मळ्यात सगळ्यांसारखी चालत होती. शेजारच्या बाईने थोडं पलीकडे सरकून तिच्या पुरती जागा सोडली आणि रांग परत वाकली. मथुराने हात खाली घेतला, मुठीत घातला आणि लावायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला स्वच्छ हात नव्हता, म्हणून तिने ते येऊ दिलं.

सखू बांधापाशी उभीच होती. दहा कधीच होऊन गेले होते. थोड्या वेळाने केरू म्हणाला, "काकी, मुठी टाक गो. पोर रिकामी बसलीय." अक्षयाच्या पुढ्यात खरंच मूठ उरली नव्हती. सखू वाकली, तिने मूठ उचलली आणि नातीपुढे टाकली, जशी लावणाऱ्या बाईपुढे टाकतात तशी.

दुपारपर्यंत अक्षयाने दीड हात रुंद आणि नऊ हात लांब पट्टा लावला. पट्टा नागमोडी होता. केरूचा पहिल्या दिवसाचा याहून वाकडा होता, असं बायकांनी जाहीर केलं आणि केरूने ते हसून मान्य केलं. जेवायला सगळे बांधावर बसले. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. अक्षयाने ओहोळात हात धुतले आणि स्वतःची भाकरी स्वतः मोडली. सखूचा हात दोनदा तिच्या ताटाकडे गेला आणि दोनदा परत आला.

संध्याकाळी ओमकार गुरुजी छत्री धरून मळ्यात आले. उद्याच्या बैठकीआधी तक्रारदाराशी एकदा बोलून घ्यावं म्हणून आले होते, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. समोर अक्षया कानापर्यंत चिखलाने माखलेली, हसत, शेवटच्या मुठीशी झटत होती. गुरुजींची छत्री कधी एका बाजूला कलली कोण जाणे, ते भिजत उभे राहिले.

सखूने त्यांच्याकडून पिशवी घेतली. माझा कागद कुठला, असं विचारलं. गुरुजींनी तक्रार दाखवली. ती तिने चार तुकडे करून चोळीत खोचली, मळ्यात टाकली नाही, कारण मळ्यात घाण करत नाहीत. मग शिफारशीचा कागद मागितला.

"तुमची ती समिती उद्या बसूं दे नायतर उटूं दे. ही बाई मना हवी. आनी दुसरी कोन धाडलात तर तिलापन आधी रत्नांगिरीला धाडा."

गुरुजींनी शाईचा पॅड शाळेत राहिल्याचं सांगितलं. सखूने अंगठ्याकडे बघितलं, तो चिखलाने भरलेला होता, तो तिने कागदावर दाबला. गुरुजींनी तो कागद तसाच ठेवला. पुढे वरून मंजूर होऊन आला तेव्हाही कोणी त्याबद्दल विचारलं नाही.

मळा लागून झाला होता. बायका कंबरेला हात देत ताठ झाल्या. जायच्या आधी रीतीप्रमाणे उद्याची माणसं सांगायची होती, उद्या मथुराचा मळा, आणि शाळेला लावणीची सुट्टी. एकेक घर सांगू लागलं. पहिल्या घरातून दोन, पुढच्या घरातून तीन, त्या पलीकडची म्हणाली एक, सून आजारी आहे. सखूची पाळी आली. मुलगा मुंबईला गेल्यापासून ती एकटीच येत असे, म्हणून तिच्याकडे कोणी नीट बघितलंही नाही, एक धरून पुढे जायच्या बेतात होत्या.

"आमच्याकडची दोन," सखू म्हणाली.

कोणीतरी विचारलं, दुसरं कोण, मुलगा येतोय काय. सखू ओहोळाच्या कडेला बसली होती आणि नातीच्या पायांवरचा चिखल धूत होती, गुडघ्यात वाकवून, ओढाताण न करता, मथुराने त्या दिवशी दारात सांगितलं होतं तसं. मग मान वर न करता तिने मथुराला विचारलं की उद्या हिला पाखाडीच्या बाजूच्या वाफ्यात बसवायची की ओहोळाच्या.

मथुरा म्हणाली, तिलाच विचारा.

सखूने विचारलं.

"ओहोळाच्या," अक्षया म्हणाली. "थंय चिखल जास्त हाय."